अठ्ठ्याऐंशी अक्षरांची पोच

साहेबांच्या टेबलावर दोन कागद शेजारीशेजारी ठेवलेले होते आणि दोन्हींवर सही व्हायची राहिली होती. एकावर मोजणीबाईची, दुसऱ्यावर साहेबांची. पहिल्यात लिहिलं होतं की आगीची सूचना देणाऱ्या दोनशे पॅनलांमधला छपाईचा भाग तपासला आहे, तो बरोबर चालतो, माल पाठवायला हरकत नाही. दुसरं होतं तिला नोकरीत कायम केल्याचं पत्र. साहेबांनी पेन दोन्हींच्या बरोबर मधोमध ठेवलं होतं, म्हणजे समजणाऱ्याने काय ते समजून घ्यावं.

"तू ह्याच्यावर कर, मी ह्याच्यावर करतो," साहेब म्हणाले. "दोन मिनिटांचं काम."

"नाही जमणार, साहेब. छपाईचं ते फंक्शन खोटं बोलतं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. समोरच्या माणसाला आपलं बोलणं मागे घ्यायला एवढा वेळ पुरतो, असा त्यांचा अनुभव होता. ती काही मागे घेईना.

मोजणीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ऑफिसने तिला ते याच आठवड्यात बहाल केलं होतं, कारण दोन दिवस ती हातात पेन्सिल घेऊन कागदाच्या पट्टीवरची अक्षरं एकेक करून मोजत बसली होती. त्याआधी ती नुसती 'नवीन बाई' होती. मुलगी झाल्यावर चार वर्षं घरी राहिली आणि मग कामाला निघाली, तेव्हा अकरा ठिकाणी तिला एकच प्रश्न विचारला गेला: मधली चार वर्षं काय करत होतात? झोपा काढत होते, असं सांगायचं अगदी ओठांवर यायचं. बाराव्या ठिकाणी मास्तर बसले होते. मास्तर म्हणजे इथला सगळ्यात जुना माणूस. पॅनलच्या आत चालणारा पायाचा सगळा कोड त्यांच्या हातचा. त्यांनी चार वर्षांबद्दल चकार शब्द काढला नाही. फळ्यावर दहा ओळींचा कोड लिहिला आणि म्हणाले, "यात एक चूक आहे, दाखव." तिने दोन दाखवल्या. दुसरी मास्तरांच्याही ध्यानात नव्हती. तिथेच ते हसले आणि तिला घेतलं.

त्यामुळे आता जे चाललं होतं ते तिला आणखीच जड जात होतं. खोटं बोलणारं ते फंक्शन मास्तरांचंच होतं.

गोष्ट तशी एवढीशी होती. पॅनल म्हणजे पहारेकऱ्याच्या खोलीत भिंतीवर टांगायची एक लोखंडी पेटी. इमारतीत कुठे धूर झाला की मोठी घंटा वाजते, ती वेगळी. पेटीच्या पोटात एक छोटा प्रिंटर असतो, तो पट्टीवर छापून देतो की धूर नेमका कुठे आहे. इमारत, मजला, बाजू, विभाग आणि सगळ्यात शेवटी खोली. ही ओळ छापून होईपर्यंत पेटीतला लहान बझर किरकिर करत राहतो, म्हणजे पहारेकऱ्याला कळावं की निरोप अजून यायचा आहे. ओळ छापली गेली की पेटी ती ओळ स्मरणातून पुसते आणि बझर गप्प बसतो.

ओळ छापली गेली हे पेटीला कोण सांगतं? मास्तरांचं फंक्शन, म्हणजे नेमून दिलेलं एकच काम करणारा कोडचा तुकडा. त्याच्या हातात मजकूर द्यायचा, ते प्रिंटरकडे जातं आणि परत येताना एक आकडा घेऊन येतं. प्रोग्रॅमर मंडळी त्याला रिटर्न व्हॅल्यू म्हणतात. अठ्ठ्याऐंशी अक्षरं दिली आणि अठ्ठ्याऐंशी हा आकडा परत आला, की पेटी समजते काम फत्ते.

घोळ असा की प्रिंटरच्या पोटात एका वेळी चौसष्टच अक्षरं मावतात. ती कागदावर उतरल्याशिवाय तो पुढची घेत नाही. फंक्शन थांबत नसे आणि वळून बघतही नसे. सगळी अठ्ठ्याऐंशी त्याच्या अंगावर फेकायचं, शेवटची चोवीस हवेत जायची आणि हे परत येऊन छातीठोकपणे सांगायचं: अठ्ठ्याऐंशी. आजवर पॅनल छोट्या गोदामांत लागले होते, तिथे 'मागचं दार' एवढ्यात पत्ता संपायचा, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. आता दोनशे पॅनल एका मोठ्या रुग्णालयाला जायचे होते आणि तिथल्या विभागांची नावं हातभर लांब होती. त्या नावांची यादी भरायचं काम मोजणीबाईकडे आलं. तिने पहिलीच ओळ छापून पाहिली. इमारत आली, मजला आला, बाजू आली, विभाग अर्ध्यात तुटला. खोलीचा पत्ताच नाही. आणि बझर साळसूदपणे गप्प.

ती पट्टी घेऊन आधी मास्तरांकडेच गेली होती.

"वीस वर्षं चाललंय ते," मास्तर पट्टीकडे न बघता म्हणाले. "मी लिहिलं तेव्हा प्रिंटर होता कुठे? काचेचा पडदा होता. पडद्याला जागा कमी पडायचा प्रश्नच नव्हता. पुढचं अक्षर कुठे लिहायचं हे कळायला दिलेल्या मजकुराची लांबी हवी असायची, म्हणून मी लांबी परत दिली. चुकलं काय त्यात?"

"तेव्हा काहीच नाही चुकलं, मास्तर. पण आता पेटी त्या आकड्यावर विश्वास ठेवून ओळ पुसते."

"तर मग पेटीला अक्कल नाही," मास्तर म्हणाले आणि खुर्ची फिरवून बसले. त्यांची पाठ तेवढी दिसत राहिली.

तर त्या पाठीनंतर आता साहेबांचं तोंड. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त शुक्रवारी माल निघायला हवा होता आणि आज बुधवार होता.

"नावं लहान कर," ते म्हणाले. "चौसष्टात बसव. संपलं."

"आणि पुढच्या इमारतीत?"

"पुढचं पुढे बघू. बरं, मग असं कर, त्या फंक्शनला काही परत आणूच देऊ नको. काही बोललंच नाही तर खोटं कसं बोलेल?"

"मग पेटीने ओळ कधी पुसायची?"

साहेबांनी बाजूला बसलेल्या चाचणीताईकडे पाहिलं. चाचणीताई म्हणजे सगळ्या चाचण्या चालवून निकालाच्या पट्ट्या काढणारी बाई, नऊ वर्षं इथे होती आणि भांडण दिसलं की मधे पडून मिटवायची तिला सवय होती. "नुसतं हो किंवा नाही सांगू दे ना गं," ती म्हणाली. "छापलं तर हो, राहिलं तर नाही."

"ताई, 'नाही' आलं तर पेटी काय करणार? कुठून राहिलं ते तिला माहीत नाही. ती पहिल्यापासून छापेल आणि परत तिथेच अडेल. पहारेकऱ्याच्या हातात एकाच खोलीच्या अर्ध्या-अर्ध्या दहा ओळी. जेवढी अक्षरं खरोखर गेली तेवढा आकडा सांगितला, तर पेटीला पुढच्या अक्षरापासून सुरू करता येतं. शून्य आलं तर समजायचं प्रिंटर भरलाय, जरा थांब. आणि उणे आकडा आला तर कागद संपलाय, माणूस बोलव. एवढंच मागतेय मी. गेलं तेवढं सांग, न गेलेलं गेलं म्हणू नको."

"झालं तुझं?" साहेब म्हणाले. त्यांनी दाराशेजारच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. तिथे महिन्याभरापूर्वीच्या पूर्ण चाचणीची पट्टी टांगलेली होती, कुणी हारासारखी अडकवावी तशी. "चारशे बारा चाचण्या. त्यात एक नापास दाखव. एक! अकरा वर्षांत त्या खिळ्यावर नापास हा शब्द चढलेला नाही. चढला तर काय करायचं ठरलंय इथे, सांग हिला, ताई."

"ज्याच्या कोडवर नापास येईल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा," चाचणीताई म्हणाली. "मी आल्यापासून कुणाला पाजावा लागला नाही."

"ऐकलंस? आणि तू सांगतेस फंक्शन खोटं बोलतं."

मोजणीबाईने पुन्हा त्या खिळ्याकडे पाहिलं. हेच तिला खात होतं. चारशे बारा चाचण्यांमध्ये लांब ओळी छापायच्या चाचण्याही होत्या. त्या पास कशा होतात?

"उद्या सकाळपर्यंत दोन्ही कागद इथेच आहेत," साहेब म्हणाले. "त्यानंतर मला दुसरं कुणीतरी सही करणारं बघावं लागेल. आणि मग हे दुसरं पत्र कुणाच्या नावाचं असेल ते मला सांगता येत नाही."

तिने पेनला हातही लावला नाही. ती उठून बाहेर पडली. बाराव्या ठिकाणी मिळालेली नोकरी होती ती. तेरावं ठिकाण शोधायचा तिला विचारही करवत नव्हता.

घरी दार उघडायच्या आतच आतून तिच्या मुलीचा आवाज आला. "भूक लागली! दोन!"

"दोन. पोचले," सासूबाईंचं उत्तर आलं.

ही त्या घरची रीत होती. सासूबाई तारघरात तीस वर्षं तारा घेत आणि पाठवत असत. तार पाठवताना शब्द किती ते आधी सांगायचं, घेणाऱ्याने मोजायचे, आकडा जुळला तरच पोच द्यायची. तारघर बंद पडून जमाना झाला, पण सासूबाईंचं मोजणं काही बंद पडलं नाही. घरात कुणीही निरोप दिला की शेवटी शब्दांचा आकडा सांगायचा. लग्न होऊन आली तेव्हा मोजणीबाईला हे सगळं वेडेपणाचं वाटलं होतं. आता चार वर्षांची पोरसुद्धा बोटांवर शब्द मोजत भूक मागत होती.

तिने चहा करता करता सासूबाईंना सगळं सांगितलं. दोन कागद, मधलं पेन, मास्तरांची पाठ, सगळं. सासूबाई भाजी निवडत ऐकत होत्या. फंक्शन म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना ते पहिल्या वाक्यातच कळलं होतं.

"चौसष्ट मिळाले आणि अठ्ठ्याऐंशीची पोच दिली?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे असल्या माणसाला दुसऱ्या दिवशी टेबलावर बसू देत नसत."

"माणूस नाही हो आई, ते फंक्शन आहे."

"लिहिलं माणसानेच ना?" सासूबाईंनी एक देठ जरा जोरातच मोडला. "मला एकदा चौदा शब्द यायचे होते, तेरा आले. मोठे साहेब येऊन डोक्यावर उभे राहिले. बाई, द्या पोच, लाईन खोळंबलीय. मी म्हटलं, तेरा आलेत, चौदाची देणार नाही. दोन तास लाईन अडवून धरली. आरडाओरडा झाला, माझी तक्रार वर गेली."

"मग? राहिलेला शब्द कुठला होता?"

"कळावे."

मोजणीबाईला हसू फुटलं. "एवढ्यासाठी?"

"तो 'कळावे' आहे हे आल्यावर कळलं. येण्याआधी मला काय ठाऊक तो काय आहे? आला नाही एवढंच माहीत होतं." सासूबाईंनी सुनेकडे रोखून पाहिलं. "तू सही करून येशील तर मला आवडणार नाही, हे आत्ताच सांगते. नोकरीचं बघून घेऊ."

"सही नाही करणार हो. पण साहेब चारशे बारा चाचण्यांची ती पट्टी नाचवतात माझ्यापुढे. एक नापास नाही तिच्यात."

"ती पट्टी कुठून येते?"

"कुठून म्हणजे? पॅनलच्या प्रिंटरवर. साहेबांचीच कल्पना आहे ती, अकरा वर्षांपूर्वीची. आधी निकाल कॉम्प्युटरच्या पडद्यावर यायचा. ते म्हणाले, आपल्या यंत्राचा दाखला आपल्या यंत्रानेच छापून दिला पाहिजे..."

ती बोलता बोलता थांबली. सासूबाई भाजीचं ताट बाजूला ठेवत म्हणाल्या, "आमची लाईन बंद पडली की ती बंद पडल्याची खबर आम्ही कधी त्याच लाईनवरून पाठवत नव्हतो बाई."

चहा उतू गेला. दोघींनीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीबाई सगळ्यांच्या आधी ऑफिसात हजर. तिने खिळ्यावरची पट्टी काढली आणि खिडकीपाशी नेऊन वाचायला घेतली. अकरा वर्षांत तिथली एकही पट्टी कुणी वाचली नव्हती. सगळे नुसते त्या खिळ्याकडे बघत होते, एवढंच. प्रत्येक ओळीत आधी चाचणीचा क्रमांक, मग नाव, मग काय यायला हवं होतं, मग काय आलं. चाचणी पास असेल तर पुढे काही छापायचं नाही, उगाच कागद कशाला घालवा, हीही साहेबांचीच काटकसर. नापास असेल तर शेवटी तो एक शब्द. आणि तो शब्द येणार कुठे? बहुतेक ओळींत नाव आणि दोन आकडे छापेपर्यंतच चौसष्ट अक्षरं संपत होती. लांब ओळी सगळ्या एकाच ठिकाणी, सुरीने कापल्यासारख्या तुटलेल्या होत्या.

साहेब आले, चाचणीताई आली, मास्तर आले आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मोजणीबाईने कुणाला नमस्कारही केला नाही.

"साहेब, एक नवीन चाचणी घातली आहे मी. चारशे तेरावी. दोन अधिक दोन बरोबर पाच, अशी. ती काय व्हायला पाहिजे?"

"हा काय पोरखेळ आहे?"

"सांगा तरी."

"नापास व्हायला पाहिजे. कुणालाही कळेल."

"नाव जरा ऐसपैस ठेवलंय तिचं, बाकीच्यांसारखंच." तिने कोपऱ्यातल्या, अजून हात न लावलेल्या पॅनलचं बटण दाबलं. प्रिंटरने टरटर करून एक ओळ बाहेर टाकली. तिने ती फाडली आणि साहेबांच्या हातात दिली. "वाचा."

साहेबांनी वाचलं. उलटून पाहिलं. मागे तर काही असणार नव्हतंच. ओळ मधेच तुटलेली होती आणि नापास हा शब्द कुठेही नव्हता.

"तुमच्या यंत्राच्या मते दोन आणि दोन पाच होतात," मोजणीबाई म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता आणि तिला तो खाली आणायचाही नव्हता. "अकरा वर्षं नापास आलं नाही, कारण ते छापलंच गेलं नाही. ज्याची चाचणी घ्यायची त्याच्याच तोंडून निकाल ऐकत होतो आपण. चहा पाजायला लागला नाही तो ह्यामुळे."

चाचणीताईने पट्टी साहेबांच्या हातातून घेतली आणि हळूच खुर्चीत बसली. "नऊ वर्षं मी सह्या केल्यात ह्यांवर," ती म्हणाली.

"हे तू मुद्दाम रचलंस," साहेब म्हणाले, पण त्यांच्या म्हणण्यात जोर नव्हता.

"हो, ही एक रचली. बाकीच्या चारशे बारा माझ्या नाहीत. मी काल जो बदल मागत होते तो पाच ओळींचा आहे, आणि आज सकाळी केलाय, फक्त ह्या टेबलावरच्या दुसऱ्या पॅनलमध्ये. फंक्शन आता गेलेल्या अक्षरांचा आकडा सांगतं, आणि पॅनल राहिलेली अक्षरं पुन्हा देतो. परवानगी असली तर पूर्ण चाचणी चालवते. नसली तरी चालवते."

आणि तिने चालवली.

प्रिंटर छापू लागला. आता तो मधे थांबत होता, श्वास घेतल्यासारखा, आणि राहिलेलं छापत होता. पहिल्या चाळीस ओळी साध्या गेल्या. एकेचाळिसाव्या ओळीच्या शेवटी ठळक अक्षरांत शब्द आला: नापास. अकरा वर्षांनी. सगळे पुढे सरकले. मग बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा नापास. लागोपाठ तीन. चाचणीताई प्रत्येक शब्दाला एकेक बोट मिटत होती, दोन्ही हातांची बोटं संपली तशी तिने पुन्हा सुरुवातीपासून धरलं. पट्टी टेबलावरून उतरली, साहेबांच्या बुटांवर गोळा झाली. साहेब हलले नाहीत.

सव्विसाव्या नापासच्या मधोमध प्रिंटर थांबला. कागदाचं रीळ संपलं होतं. आणि एरवी ओळ संपताच गप्प होणारा बझर किरकिरतच राहिला.

यापूर्वी असं कधी झालं नव्हतं. कागद संपला तरी जुनं फंक्शन सगळं छापल्याचंच सांगायचं आणि पेटी निवांत गप्प बसायची. आता फंक्शनने उणे आकडा आणला होता आणि पेटी काही केल्या ऐकत नव्हती. किर्र, किर्र, किर्र. शेजारच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

"बंद कर तो आवाज," साहेब म्हणाले.

"नाही."

"मी सांगतोय बंद कर!"

"अजून छापायचं राहिलंय, म्हणून वाजतोय तो. कागद घाला, छापून झालं की आपोआप बंद होईल. दुसरा उपाय नाही, आणि असला तरी मी करणार नाही." तिने टेबलावरचे ते दोन कागद उचलले. माल पाठवायचा कागद साहेबांपुढे ठेवला, तसाच, सहीशिवाय. नोकरीचं पत्र त्याच्यावर ठेवलं. "हे तुमच्याकडेच असू दे. मला फार हवं होतं ते, खोटं नाही सांगत. काल रात्री डोळ्याला डोळा लागला नाही माझा. पण त्या रुग्णालयात कुणीतरी पट्टी हातात घेऊन खोली शोधत जिन्यात उभा राहणार, आणि त्याच्या पट्टीवर खोलीच नसणार. त्याला मी अठ्ठ्याऐंशीची पोच देणार नाही. चौसष्टच गेलीत."

बझर तेवढा बोलत होता. साहेबांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. ते कुणाकडे तरी बघत होते, कुणीतरी उठून हा आवाज मिटवेल म्हणून. पण पेटीची वायर उपटायला कुणीही पुढे झालं नाही.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मास्तर उठले होते. ते कपाटापाशी गेले, नवं रीळ काढलं, वेष्टन दातांनी फाडलं आणि प्रिंटरचं झाकण उघडून रीळ बसवलं. झाकण लागल्याबरोबर प्रिंटर तुटलेल्या शब्दाच्या पुढच्याच अक्षरापासून सुरू झाला. एकही अक्षर गाळलं नाही, एकही दोनदा छापलं नाही. मास्तर ते वाकून बघत होते.

शेवटची, चारशे तेरावी ओळ आली: दोन अधिक दोन बरोबर पाच, आणि तिच्या शेवटी नापास. बझर बंद झाला. एकदम इतकी शांतता झाली की बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तेही ऐकू आलं.

"बत्तीस," चाचणीताई म्हणाली. "त्यातला एक हिचा. एकतीस आपले."

मास्तर मोजणीबाईकडे वळले. "ती रुग्णालयाची ओळ. ती छाप एकदा."

तिने छापली. मास्तरांनी पट्टी टेबलावर सपाट केली, तिच्या कानामागची पेन्सिल न विचारता घेतली आणि एकेका अक्षराखाली ठिपका देत मोजायला लागले. ओठ हलत होते. चौसष्टला ते जरा थांबले. मग पुढे निघाले. खोलीचा क्रमांक आला, त्याच्यापुढचा पूर्णविराम आला.

"अठ्ठ्याऐंशी," मास्तर म्हणाले.

त्यांनी माल पाठवायचा तो कागद ओढून घेतला. जिथे मोजणीबाईची सही व्हायची होती त्या रेघेवर त्यांनी आपल्या ठसठशीत अक्षरात 'नापास' असं लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली.

"मास्तर, शुक्रवार!" साहेब जवळजवळ ओरडलेच.

"शुक्रवारी नाही जाणार माल. एकतीस चुका आहेत, त्यातल्या निदान वीस माझ्या असतील. त्या निस्तरल्या की जाईल." मास्तरांनी पेन्सिल मोजणीबाईला परत दिली. तिच्याकडे बघायला त्यांना थोडा वेळ लागला. "मी परवा पट्टीकडे बघितलंच नाही तुझ्या. बघायला हवं होतं." मग दारात जमलेल्या मंडळींकडे वळून म्हणाले, "चहा सांगा सगळ्यांना. माझ्याकडून. आणि पुढचे एकतीस दिवस माझ्याकडूनच."

नोकरीचं पत्र तसंच पडलं होतं. साहेबांनी ते उचललं, दोनदा वाचलं, सही केली नाही आणि खणात ठेवून दिलं. "ह्याचं सोमवारी बघू," ते म्हणाले. मोजणीबाईने मान हलवली. सोमवारी काय होईल ते तिला माहीत नव्हतं आणि त्या क्षणी तिला त्याची फिकीरही नव्हती.

ती जिन्यात आली आणि घरी फोन लावला. पलीकडे पहिल्याच घंटेला उचलला गेला, म्हणजे सासूबाई फोनपाशीच बसून होत्या.

"सही केली नाही," ती म्हणाली. "तीन."

पलीकडे सासूबाईंनी पुटपुटत शब्द मोजले.

"तीन," त्या म्हणाल्या. "पोचले."